मुद्दल एकाचे, व्याज दुसऱ्याचे

बाजारपेठेत एखाद्या दुकानदाराने आणलेला नवा माल हातोहात खपला की आठवड्याभरात शेजारच्या चार दुकानांच्या दर्शनी भागात तोच माल टांगलेला दिसतो. यात गैर काही नाही. व्यापाराची ती जुनी रीत आहे. परंतु ज्या पेठेत प्रत्येक जण शेजाऱ्याचाच माल टांगू लागतो आणि नवा माल आणण्याची जोखीम कोणीच पत्करत नाही, त्या पेठेकडे गिऱ्हाईक हळूहळू पाठ फिरवते. हिंदी चित्रपटसृष्टीच्या अलीकडच्या काही वर्षांच्या जमाखर्चावर नजर टाकली, तर पुष्कळसे असेच चित्र दिसते.

एप्रिल २०२२ ते फेब्रुवारी २०२३ हे अकरा महिने उदाहरणादाखल घ्यावेत. या काळात ‘जर्सी’ आला. तो २०१९ च्या तेलुगू चित्रपटावरून बेतलेला होता. ‘लाल सिंग चड्ढा’ आला. त्याचे मूळ १९९४ च्या ‘फॉरेस्ट गंप’ या अमेरिकन चित्रपटात होते. ‘विक्रम वेधा’ २०१७ च्या तमिळ चित्रपटावरून, ‘मिली’ आणि ‘सेल्फी’ २०१९ च्या दोन मल्याळम चित्रपटांवरून, तर ‘शहजादा’ २०२० च्या तेलुगू चित्रपटावरून घेतलेला होता. या सहा चित्रपटांत आमिर खान, हृतिक रोशन, सैफ अली खान, अक्षय कुमार असे आघाडीचे नट होते. भांडवल मोठे होते, जाहिरातही भरपूर होती. तरीही या सहांपैकी एकही निर्मात्याच्या अपेक्षेस उतरला नाही. त्याच काळात आलेला ‘दृश्यम २’ मात्र उत्तम चालला, आणि तोही मल्याळमवरूनच घेतलेला होता. मराठीत रितेश देशमुख यांचा ‘वेड’ चालला. त्याचे मूळ ‘मजिली’ या तेलुगू चित्रपटात आहे. तेव्हा उसनी कथा हमखास बुडते, असा सोपा निष्कर्ष काढता येणार नाही. विचार करावयाचा तो दुसऱ्या प्रश्नाचा: उसनवारीवर चाललेल्या या धंद्यात मुद्दल कोण घालतो, व्याज कोण खातो, आणि मुद्दल घालणारा थकला तर पुढे काय?

जुनी कथा आणि उसनी कथा

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. जुनी कथा पुन्हा सांगणे म्हणजे नक्कल नव्हे. भारतीय चित्रपटाचा आरंभच मुळी सर्वांना ठाऊक असलेल्या कथेने झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या नाट्यगृहात लोकांसाठी प्रदर्शित झाला, तेव्हा हरिश्चंद्राची कथा न ऐकलेला प्रेक्षक शोधूनही सापडला नसता. पुढे १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने बोलपटाच्या नव्या माध्यमात हीच कथा ‘अयोध्येचा राजा’ या नावाने मांडली. दोन्ही चित्रपट आपापल्या जागी स्वतंत्र ठरले, कारण कथा समाजाच्या सामाईक ठेवीतील होती आणि ती सांगण्याची रीत ज्याची त्याने स्वतः शोधली होती.

फाळके यांची प्रेरणा परदेशी होती, हेही विसरता येत नाही. १९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. तोच चित्रपट भारतीय पोशाखात पुन्हा काढण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी तसे केले नाही. दुसऱ्याच्या कलाकृतीतून त्यांनी एवढेच घेतले की अशी गोष्ट करता येते.

भांडवल उभे करण्याची त्यांची रीत तर कोणत्याही बँकेच्या कर्ज विभागाने अभ्यासावी अशी आहे. इंग्लंडला जाऊन यंत्रसामग्री आणण्यासाठी त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले. परत आल्यावर धनकोंना पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, रोज थोडे थोडे चित्रीकरण केले आणि बीजातून रोप वर येताना पडद्यावर दाखवले. चित्रपटाचे तंत्र हाती आले आहे याचा तो पुरावा होता. तो पाहून कर्ज देणारे पुढे आले. सरस्वतीबाई फाळके यांचे दागिनेही या उद्योगात गेले. ज्याला बाजारात पूर्वीचा एकही दाखला नव्हता, अशा मालासाठी उभे राहिलेले हे भांडवल होते.

नकलेचे अंकगणित

मग आज, साधने शतपटीने वाढली असता, निर्माता नव्या कथेला का बिचकतो? त्याला कल्पनेचे दारिद्र्य म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण खरे कारण हिशेबाच्या वहीत सापडते.

चित्रपट हा असा माल आहे की तो पूर्ण तयार झाल्याखेरीज त्याची किंमत कळत नाही, आणि तयार झाल्यावर नाकारला गेला तर त्याला भंगाराचा भावही येत नाही. कापडाचा गठ्ठा पडून राहिला तर कमी दराने निघतो. पडलेल्या चित्रपटाचे सिनेमागृहात तसे होत नाही. त्यामुळे पैसा घालणारा तारण मागतो. फार वर्षे हा व्यवसाय खाजगी सावकारीवर आणि जबर व्याजावर चालला. १९९८ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केली आणि त्यानंतर संस्थात्मक कर्जाची दारे किलकिली झाली. परंतु कर्ज देणारी संस्था असो वा खाजगी धनको, कागदावरील कल्पनेला तारण मानणे दोघांनाही जड जाते. नामांकित नटाचा करार, आधी गाजलेले नाव आणि दुसऱ्या भाषेत झालेली कमाई यांना मात्र आकडा असतो, आणि आकडा प्रकरणाच्या कागदात नीट बसतो. अशा रीतीने दुसऱ्याची यशस्वी कथा हेच तारण होऊन बसते.

दुसरे कारण उत्पन्नाच्या वाटणीत आहे. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात वाटणीवरून तंटा झाला आणि सुमारे दोन महिने मोठे हिंदी चित्रपट त्या पडद्यांवर आलेच नाहीत. अखेर तडजोड झाली ती अशी: निव्वळ उत्पन्नातून पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के हिस्सा निर्माता-वितरकाच्या बाजूस मिळावा. या उतरत्या भाजणीचा अर्थ व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. शंभर रुपये पहिल्या आठवड्यात गल्ल्यात आले तर पन्नास हाती येतात. तेच शंभर चौथ्या आठवड्यात आले तर तीस. साहजिकच सारी शक्ती पहिल्या शुक्रवार, शनिवार आणि रविवारवर एकवटली जाते. तीन दिवसांत गर्दी खेचायची तर नाव आधीच परिचित हवे. नव्या कथेची कीर्ती एकाकडून दुसऱ्याकडे पसरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर तिचा पडदा दुसऱ्याला गेलेला असतो.

गाण्यांच्या बाबतीत हाच हिशेब अधिक उघडपणे दिसतो. २०१७ च्या ‘बद्रीनाथ की दुल्हनिया’त जुने ‘तम्मा तम्मा’ आले, २०१८ च्या ‘सिंबा’त ‘आँख मारे’ आले, २०२१ च्या ‘सूर्यवंशी’त ‘टिप टिप बरसा पानी’ आले. लोकांच्या कानांत पूर्वीच रुजलेले गाणे नव्या चित्रपटाची जाहिरात फुकट करते. ते गाणे ज्यांनी प्रथम रचले त्यांच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ फारसे काही येत नसे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे गीतकार-संगीतकारांचा सिनेमागृहाबाहेरील वापराच्या मोबदल्यातील वाटा कायद्याने राखला गेला.

कायदा काय म्हणतो

येथे कायद्याची बाजू पाहणे उपयुक्त ठरेल. हक्क विकत घेऊन केलेली पुनर्निर्मिती पूर्णपणे वैध आहे आणि वर सांगितलेले चित्रपट त्याच वर्गातील आहेत. त्यांना चोरी म्हणणे अन्यायाचे होईल. परवानगीवाचून घेतलेल्या कथेचा प्रश्न निराळा. त्याबाबतचा आधारभूत निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला. आर. जी. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून १९५६ चा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट उचलला आहे, असा तो दावा होता. दोन्हींत प्रांतीय दुराभिमानाचा विषय होता, दोन्हींत भिन्न प्रांतांतील कुटुंबे आणि त्यांच्या मुलांचे प्रेम होते. न्यायालयाने दावा फेटाळला. कल्पना, विषय किंवा कथाबीज यांवर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर, असे त्या निर्णयाचे सार आहे. दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या मनावर ‘हे त्याचीच नक्कल आहे’ असा निःसंदिग्ध ठसा उमटतो का, ही कसोटी त्या वेळी ठरली.

कायद्याची ही रेषा योग्यच आहे, कारण कल्पनेवर पहारा बसला तर नवे लेखनच खुंटेल. परंतु कायदा नक्कल रोखू शकतो, नवनिर्मिती घडवू शकत नाही. हक्काचे पैसे चुकते केले म्हणजे व्यवहार चोख होतो. कलाकृती स्वतंत्र होते असे नाही.

माती बदलली की

उसन्या कथेतून नेमके काय हरवते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राला दूर जाण्याची गरज नाही. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसर, तेथील विहिरी, उसाचे फड, ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी पाटलाची मुलगी, मासेमारीवर जगणाऱ्या घरातील मुलगा, जातपंचायतीपुढे नामुष्की सोसणारा त्याचा बाप, हैदराबादच्या झोपडपट्टीत नव्याने मांडलेला संसार: यांतील एकेक तपशील दिग्दर्शकाच्या पाहण्यातला होता. नायक-नायिका दोघेही नवखे होते. मुद्दल होते ते एवढेच. शंभर कोटींच्या घरात पोचलेला तो पहिला मराठी चित्रपट ठरला.

यानंतर सुमारे सव्वादोन वर्षांत त्याच कथेवरून कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदी चित्रपट निघाले. हिंदीतला ‘धडक’ जुलै २०१८ मध्ये आला. करमाळ्याऐवजी उदयपूरचे महाल आणि तलाव आले, हैदराबादऐवजी कोलकाता आले, ‘झिंगाट’ हिंदी शब्दांत आले. शेवटही बदलला. पण कथेचा कणा असलेला जातीचा प्रश्न ओझरता उरला. मूळ चित्रपटात त्या दोघांना कोण आणि का जगू देणार नाही, हे प्रत्येक प्रसंगातून उलगडत जाते. नव्या चित्रपटात दोन सुंदर तरुण आणि एक कठोर राजकारणी बाप एवढाच सांगाडा राहिला. ‘धडक’ने कमाई केली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण झिंगाटच्या तालावर नाचलेला प्रेक्षक सैराटच्या शेवटी ज्या निःशब्दतेने घरी परतला, ती निःशब्दता हिंदीत आली नाही.

‘दृश्यम’ची गोष्ट याच्या उलट आहे, म्हणूनच ती शिकण्यासारखी आहे. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा. कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, सिंहली आणि चिनी भाषेतही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. २०१५ ची हिंदी आवृत्ती निशिकांत कामत या मराठी दिग्दर्शकाने केली. चौथी नापास केबलचालक केरळातून गोव्यात आला, त्याचे आडनाव साळगावकर झाले, गावातील पोलीस चौकी, पणजीची बस, तेथील सत्संग आणि उपाहारगृह हे सारे त्या भूमीवर पुन्हा बसवले गेले. मुख्य म्हणजे कथेचा कणा, कुटुंबासाठी बापाने चालवलेला बुद्धीचा झगडा, तसाच राहिला. सात वर्षांनी दुसरा भाग आला तेव्हा प्रेक्षक साळगावकर कुटुंबाची पुढची हकीकत ऐकायला गेला; ते कुटुंब तोवर त्याच्या ओळखीचे झाले होते. रोप दुसऱ्या वाफ्यात लावायचे तर मुळांसह उचलावे लागते आणि नव्या जागी पाणीही घालावे लागते, एवढाच याचा अर्थ.

तारणाचा भाव उतरला

गेल्या काही वर्षांत आणखी एक फरक पडला आहे. पूर्वी दक्षिणेतील चित्रपट उत्तरेत सहसा पोचत नसे. त्यामुळे मूळ आणि नक्कल यांची तुलना करणारे गिऱ्हाईकच नव्हते. १९६४ च्या ‘रामुडु भीमुडु’ या तेलुगू चित्रपटावरून १९६७ मध्ये ‘राम और श्याम’ झाला, तेव्हा मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाने मूळ पाहिलेले असण्याचा संभव नव्हता. आज मूळ चित्रपट घरच्या पडद्यावर उपशीर्षकांसह किंवा हिंदी आवाजात उपलब्ध असतो. २०२० च्या टाळेबंदीने घराघरांत ही सवय लावली. ‘शहजादा’ फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. त्याचे तेलुगू मूळ हिंदी आवाजात वर्षभर आधीच दूरचित्रवाणीवर दाखवून झाले होते. ज्या मालाचा अस्सल नमुना ग्राहकाच्या कपाटात आहे, त्याची दुसरी प्रत चढ्या भावाने त्याला कोण विकणार? निर्माता ज्या कथेला भक्कम तारण समजून बसला होता, त्या तारणाचा बाजारभाव त्याच्या नकळत उतरला.

आणि धोका यापुढचा आहे. उसन्या कथांचा प्रत्येक व्यवहार शेवटी कोणीतरी घेतलेल्या पहिल्या जोखमीवर उभा असतो. ती जोखीम कधी केरळच्या, कधी तमिळनाडूच्या, कधी करमाळ्याच्या माणसाने घेतली. मोठे भांडवल असलेल्यांनी केवळ व्याज उचलावे आणि अल्प भांडवल असलेल्यांनी मुद्दल घालत राहावे, ही व्यवस्था कोणत्याही पेढीवर फार काळ टिकत नाही. छोटा निर्माता एकदा बुडाला की दुसऱ्यांदा उभा राहत नाही. नवा लेखक चार दारे ठोठावून परत गेला की तो जाहिरातीत किंवा नोकरीत शिरतो. त्याने न लिहिलेली कथा कोणत्याच ताळेबंदात तोटा म्हणून दिसत नाही. परंतु तोटा झालेला असतो.

दोन रुपयांचा भागीदार

नव्या कथेला भांडवल मिळतच नाही, असे मात्र इतिहास सांगत नाही. श्याम बेनेगल यांच्या १९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांचे भांडवल उभे राहिले. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. विषय होता गावातील दूध सोसायटीचा. त्यावर कोणत्याही भाषेत पूर्वी चित्रपट गाजलेला नव्हता. शेतकरी गाड्या भरभरून आपला चित्रपट पाहायला गेले. २०२४ मध्ये त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कानच्या महोत्सवात दाखवली गेली. जोखीम पाच लाख हातांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला दोनच रुपये येतात, हा सहकाराचा धडा चित्रपटालाही लागू पडला.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ मध्ये आला. डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार असलेला नातू आणि त्याला शस्त्रक्रियेपूर्वी जग दाखवू पाहणारा आजोबा, एवढीच त्याची कथा. मोठे नाव नाही, नृत्य नाही. ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला याच चित्रपटाने मिळवून दिला, आणि ऑस्करच्या स्पर्धेत तो नेता यावा म्हणून सामान्य लोकांनी वर्गणी दिली. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चे चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले आणि तो प्रदर्शित व्हायला २०१८ उजाडले. कोकणातील वाड्यात दडलेले धन आणि पिढ्यान् पिढ्या न शमणारा लोभ ही त्याची कथा. पहिल्या वेळी त्याने बेताचीच कमाई केली. २०२४ मध्ये तो पुन्हा सिनेमागृहांत आला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक केली. त्या वर्षी त्याचा कोणताही नवा भाग आलेला नव्हता. आठवणीने आणि शिफारशीने प्रेक्षक आले. अस्सल मालाची ही मुदत ठेव होती.

व्यापारी कुटुंबांचा या साऱ्याशी संबंध दुहेरी आहे. एक संबंध ग्राहकाचा. सणासुदीला किंवा रविवारी घरातील पाच-सात माणसे मिळून चित्रपटाला जातात, तेव्हा तिकिटे, खाणे आणि वाहनखर्च धरून चांगली रक्कम खर्च होते. दुकानासाठी मालाची खरेदी करताना जो मनुष्य नमुना हातात घेऊन पोत पाहतो, तोच चित्रपटाच्या बाबतीत केवळ नाव आणि चेहरा पाहून पहिल्या दिवशी पैसे मोजतो. उतरत्या भाजणीचा हिशेब एकदा समजला की लक्षात येते की पहिल्या तीन दिवसांचे तिकीट हा सर्वांत वजनदार कौल असतो. तो कौल गाजलेल्या नावाच्या पाचव्या भागाला द्यावा की अनोळखी नावाच्या नव्या कथेला, हे घराघरांत ठरते. निर्माता त्यावरूनच पुढच्या वर्षीचा माल भरतो.

दुसरा संबंध पालकाचा. पेढीवर बसण्याऐवजी लेखन, दिग्दर्शन किंवा संकलन शिकू इच्छिणारी मुले-मुली आता अनेक घरांत आहेत. त्यांना बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: यात उत्पन्नाची खात्री काय? प्रश्न रास्त आहे. पण ज्या पणजोबांनी गाव सोडून अनोळखी पेठेत पहिले दुकान थाटले, त्यांच्यापाशीही खात्री नव्हती. मालाची पारख, काटकसर आणि थोडी वर्षे थांबण्याची तयारी होती. त्या मुलांना दोन-तीन वर्षांचा खर्च ठरवून द्यावा, त्याचा चोख हिशेब मागावा, आणि लिहिण्याचा विषय दूर न शोधता घराच्या, पेठेच्या आणि गावाच्या अनुभवातून निवडण्यास सांगावे. पेढीचा जुना मुनीम, वाटणीनंतरचे दोन भाऊ, बंद पडलेली गिरणी, लग्नानंतर हिशेब शिकलेली सून: या कथा अद्याप कोणी पडद्यावर नीटशा सांगितलेल्या नाहीत, आणि त्यांचे हक्क कोणाकडून विकत घ्यावे लागत नाहीत.